‘इव्हेंच्युअली’ म्हणजे नेमके केव्हा?

शाळेची स्मरणिका निघते तेव्हा तीत आठवणींचे लेख पुष्कळ असतात, आणि ते असावेतही. संपादक मंडळाने आम्हांस लेख मागितला तेव्हा मात्र एखादी आठवण सांगण्यापेक्षा एका इंग्रजी शब्दाविषयी लिहावे असे आमच्या मनात आले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. इंग्रजी हा आमचा विषय नव्हे. तरीही हे धाडस करीत आहोत, कारण या शब्दाचा अर्थ आम्ही एकदा चुकीचा सांगितला आणि त्या चुकीचा भार आमच्या एका विद्यार्थ्यास उचलावा लागला.

गोष्ट जुनी आहे. आमच्याकडून दहावी होऊन तालुक्याच्या गावी महाविद्यालयात गेलेल्या एका मुलाचे वडील एक पत्र घेऊन आमच्याकडे आले. पत्र एका कार्यालयाचे, मुलाच्या शिष्यवृत्तीसंबंधीचे, आणि संपूर्ण इंग्रजीत होते. “सर, काय लिवलंय तेवढं सांगा,” असे म्हणून ते उभेच राहिले. पत्राचा शेवटचा भाग असा होता की, अनुदान प्राप्त झाल्यावर रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात ‘इव्हेंच्युअली’ जमा केली जाईल. आम्ही ते वाक्य वाचले आणि म्हणालो, “भाऊ, काळजी सोडा. पैसे लवकरच जमा होतील.”

त्या भल्या माणसाने आमच्या शब्दावर भिस्त ठेवली. महाविद्यालयात शुल्क हप्त्याने भरण्यासाठी अर्ज करावयाचा होता, तो त्यांनी केला नाही. उसनवारीही केली नाही. पैसे येणारच आहेत, मग कशाला? परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत टळली. मुलाचे एक वर्ष गेले. रक्कम पुढे जमा झाली, परंतु ती परीक्षा होऊन गेल्यानंतर कितीतरी महिन्यांनी. पत्रातील वाक्य खोटे नव्हते. आम्ही सांगितलेला अर्थ खोटा होता.

ते गृहस्थ नंतर भेटले तेव्हा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “सर, त्या कागदात तारीख नव्हतीच काय?” त्या दिवशी आम्ही शब्दकोश उघडला. त्यानंतर या शब्दाने आणि त्याच्या भावंडांनी आमचा पिच्छा सोडला नाही. जे कळले ते आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्दाची घडण

‘इव्हेंच्युअली’ हा शब्द ‘इव्हेंट’ या शब्दापासून घडलेला आहे, आणि ‘इव्हेंट’ लॅटिनमधून आलेला आहे. लॅटिन भाषेत ‘व्हेनिरे’ म्हणजे येणे. त्यास ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग जोडला की ‘बाहेर येणे’, म्हणजेच निष्पन्न होणे, असा अर्थ होतो. घटनाक्रमातून जे निष्पन्न झाले तो ‘इव्हेंट’. आपल्या ओळखीचे ‘कन्व्हेन्शन’, ‘प्रिव्हेंट’, ‘इन्व्हेन्शन’, ‘रेव्हेन्यू’ हे शब्द याच ‘येणे’ धातूचे वंशज आहेत. तेव्हा ‘इव्हेंच्युअली’ या शब्दाच्या पोटात मुळात ‘शेवट’ नाही. ‘घडून येणे’ आहे. बऱ्याच काळाने, मध्ये अडथळे येऊन, दिरंगाई होऊन, पण जे घडून येते त्यासाठी हा शब्द आहे. मराठीत त्यास ‘कालांतराने’, ‘यथावकाश’, ‘पुढेमागे’, ‘उशिरा का होईना, पण’ असे प्रसंगानुरूप म्हणता येईल. ‘लवकरच’ असे कदापि म्हणता येणार नाही.

आम्ही ‘लवकरच’ म्हणून चुकलो. काहीजण या शब्दाचा अर्थ ‘कदाचित’ असा घेतात, तेही चूकच. गंमत अशी की युरोपातच हा घोटाळा होतो. फ्रेंच भाषेत याचाच सख्खा भाऊ ‘एव्हांच्युएलमाँ’ आणि जर्मनमध्ये ‘एव्हेंच्युएल’ आहे, आणि त्या दोन्ही भाषांत त्याचा अर्थ ‘झाल्यास’, ‘कदाचित’ असाच आहे. म्हणून फ्रेंच किंवा जर्मन माणूस इंग्रजी बोलताना येथे हमखास अडखळतो. एका घरात जन्मलेले शब्द वेगवेगळ्या घरी नांदावयास गेले की त्यांचे स्वभाव बदलतात. इंग्रजीत मात्र या शब्दात शंका नाही. घडेल की नाही याविषयी तो निश्चित असतो. केव्हा घडेल याविषयी तो मौन पाळतो.

एक ‘शेवटी’, इंग्रजीची सहा दारे

आमच्या मुलांची खरी अडचण निराळी आहे. मराठीतील ‘शेवटी’ हा शब्द फार कामसू आहे. तो एकटा जी कामे करतो ती इंग्रजीने निरनिराळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. पुढील सहा वाक्ये पाहावीत.

१. शेवटी विद्यार्थी प्रतिनिधीने आभार मानले.
२. दोन तास ताटकळलो, शेवटी एस.टी. आली एकदाची.
३. तो तीन वेळा नापास झाला, पण शेवटी शिक्षक झाला.
४. कोणी काहीही म्हणो, शेवटी मुलाची जबाबदारी आईबापांचीच.
५. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची दिली आहे.
६. सहलीच्या ठिकाणावरून पुष्कळ वाद झाला. शेवटी आम्ही अजिंठ्यास गेलो.

मराठी वाचकास सहाही ठिकाणी ‘शेवटी’ सहज वाटते. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्यात ‘लास्टली’ किंवा ‘फायनली’, दुसऱ्यात ‘अ‍ॅट लास्ट’, तिसऱ्यात ‘इव्हेंच्युअली’, चौथ्यात ‘अल्टिमेटली’, पाचव्यात ‘अ‍ॅट दि एंड ऑफ’ आणि सहाव्यात ‘इन दि एंड’ शोभेल. काही ठिकाणी एकाच्या जागी दुसरा चालून जातो, परंतु सर्व ठिकाणी सर्व चालत नाहीत. म्हणून प्रत्येकाची ओळख करून घेऊ.

‘लास्टली’ हा केवळ क्रमाचा शब्द आहे. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा आणि शेवटचा मुद्दा, येथे तो येतो. प्रतीक्षेशी त्याचा संबंध नाही. एस.टी. ‘लास्टली’ येत नाही.

‘अ‍ॅट लास्ट’ हा सुटकेच्या निःश्वासाचा शब्द आहे. वाट पाहून जीव कंटाळला, आणि मग ती गोष्ट झाली. यास मराठीत अगदी नेमका जोडीदार आहे, तो म्हणजे ‘एकदाचा’. पाऊस आला एकदाचा, निकाल लागला एकदाचा, कर्ज फिटले एकदाचे. जेथे ‘एकदाचा’ बसतो तेथे ‘अ‍ॅट लास्ट’ बसतो, ही खूण आम्ही मुलांना देतो आणि ती सहसा फसत नाही.

या दोन शब्दांची अदलाबदल आमच्याकडील समारंभांत नित्य होते. स्नेहसंमेलनाच्या आभारप्रदर्शनात विद्यार्थी धिटाईने इंग्रजीत बोलतो, सर्वांचे आभार मानीत जातो आणि शेवटी म्हणतो, ‘अ‍ॅट लास्ट, आय थँक अवर चीफ गेस्ट’. त्याच्या मनात ‘शेवटी मी प्रमुख पाहुण्यांचे आभार मानतो’ असे असते. इंग्रजी कानास मात्र ते ‘आता एकदाचे पाहुण्यांचे आभार मानतो’ असे ऐकू येते. पाहुणे हसले तर मुलाने खजील होऊ नये, परंतु पुढील वेळी ‘लास्टली’ किंवा ‘फायनली’ म्हणावे.

‘फायनली’ हा दोन्ही घरांत वावरणारा शब्द आहे. लॅटिन ‘फिनिस’ म्हणजे सीमा, शेवट. ‘फिनिश’, ‘इन्फिनिट’, ‘डिफाइन’ हे त्याचेच नातलग. हिशेब मिटविणे या अर्थाने ‘फायनान्स’सुद्धा त्याच कुळातला. ‘फायनली’ क्रमातील शेवटची गोष्टही सांगतो आणि दीर्घ प्रतीक्षेनंतर घडलेली गोष्टही सांगतो. कोठे कोणता अर्थ, हे पुष्कळदा त्याच्या जागेवरून कळते. वाक्याच्या आरंभी ‘फायनली’ घालून स्वल्पविराम दिला, ‘फायनली, ही स्पोक’, तर ‘सर्वांत शेवटी तो बोलला’ असा अर्थ होऊ शकतो. तोच शब्द कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये ठेवला, ‘ही फायनली स्पोक’, तर ‘इतका वेळ गप्प होता, अखेर बोलला’ असा अर्थ होतो. मराठीतील ‘अखेर’ त्याच्या बराच जवळ जातो.

‘अल्टिमेटली’ हा खोलीचा शब्द आहे. ‘अल्टिमस’ म्हणजे सर्वांत पलीकडचा. निर्वाणीच्या इशाऱ्यास ‘अल्टिमेटम’ म्हणतात तो याच कुळातला. कारणांची साखळी मागे मागे ओढत नेली असता शेवटच्या कडीपाशी जे सापडते, ते ‘अल्टिमेटली’. त्यात काळ असेलच असे नाही. ‘शेवटी जबाबदारी मुख्याध्यापकांचीच’ या वाक्यात कोणी कशाची वाट पाहिलेली नाही. सारे बाजूस सारल्यावर मुळाशी काय उरते, ते सांगितले आहे.

‘इन दि एंड’ म्हणजे सगळे वाद, विचार, फेरविचार होऊन गेल्यावर. ‘अ‍ॅट दि एंड’ म्हणजे एखाद्या वस्तूच्या किंवा काळाच्या टोकाशी: रस्त्याच्या, महिन्याच्या, पुस्तकाच्या. ‘कशाच्या?’ हा प्रश्न विचारता आला आणि त्यास उत्तर मिळाले, तर ‘अ‍ॅट’ घ्यावा.

लिहिताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘फायनल’, ‘इव्हेंच्युअल’ हे शब्द एका ‘एल’ने संपतात आणि प्रत्यय दुसरा ‘एल’ घेऊन येतो. म्हणून या शब्दांत ‘एल’ दोनदा लिहावयाचा. आणि सहायक क्रियापद असेल तर हे शब्द बहुधा त्याच्यानंतर, मुख्य क्रियापदाच्या आधी येतात: ‘शी हॅज फायनली पास्ड’, ‘इट विल इव्हेंच्युअली हॅपन’.

एक घटना, चार शब्द

हे शब्द केवळ व्याकरणाचे नाहीत. बोलणारा कोठे उभा आहे हे ते सांगतात. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस हेच अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण घेऊ.

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले आणि बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात त्यासाठी विधेयक मांडले; ते पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. त्याच्या अनुच्छेद ४५ ने राज्यावर असे निदेशक तत्त्व घातले की, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा. ती दहा वर्षे १९६० साली संपली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे म्हटले. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद २१-क आला. २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला.

आता ही एकच गोष्ट चार माणसे इंग्रजीत सांगत आहेत असे समजा. पाठ्यपुस्तकाचा लेखक म्हणेल, शिक्षण ‘इव्हेंच्युअली’ हक्क झाले. त्याच्या वाक्यात १२८ वर्षे आहेत, अडथळे आहेत, पण कोणाचाही उसासा नाही. कायद्याच्या टप्प्यांची यादी देणारा वकील म्हणेल, ‘फायनली’, २०१० साली कायदा लागू झाला. ज्या आईने स्वतः शाळेचा उंबरठा ओलांडला नाही आणि जिची नात त्या वर्षी पहिलीत बसली, ती म्हणेल ‘अ‍ॅट लास्ट’, झाले एकदाचे. आणि कारणांच्या मुळाशी जाणारा अभ्यासक म्हणेल, ‘अल्टिमेटली’ हे सारे १८८२ च्या त्या मागणीपाशी जाऊन पोहोचते. चौघेही खरे बोलत आहेत. शब्द बदलला की फक्त दृष्टी बदलते.

या उदाहरणात आणखी एक धडा आहे. अनुच्छेद ४५ मध्ये ‘इव्हेंच्युअली’ नव्हते. तेथे स्वच्छ मुदत लिहिलेली होती: दहा वर्षे. ती पाळली गेली नाही हे खरे. परंतु मुदत लिहिलेली होती म्हणूनच ती उलटल्याचे बोट ठेवून दाखविता आले. उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयानेही त्या उलटलेल्या मुदतीची दखल घेतली. तारीख नसलेले आश्वासन कधी मोडतच नाही, कारण ते मोडले असे म्हणण्याचा दिवसच उगवत नाही. अनुच्छेद १७ तर याहूनही निराळा आहे. अस्पृश्यता यथावकाश नाहीशी होईल असे तो म्हणत नाही. ती नष्ट केली आहे, असे वर्तमानात सांगून तो मोकळा होतो. ‘हळूहळू’, ‘कालांतराने’ अशा क्रियाविशेषणास तेथे जागाच ठेवलेली नाही. विधीची भाषा जाणणाऱ्यांनी हे जाणीवपूर्वक केले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

भूतकाळातला आणि भविष्यकाळातला

‘इव्हेंच्युअली’ भूतकाळी वाक्यात आला तर तो निरुपद्रवी असतो. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. गोवा ‘इव्हेंच्युअली’ १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. येथे विलंब कळतो आणि घटना पूर्ण झालेली असते. वाचकाचे काहीही अडत नाही.

भविष्यकाळी वाक्यात मात्र सावध व्हावे. ‘विल इव्हेंच्युअली’ असे दोन शब्द शेजारी दिसले की समजावे, लिहिणाऱ्याने काम होईल असे म्हटले आहे, पण केव्हा ते सांगितलेले नाही. आमच्या त्या पत्रात तर कर्ताही नव्हता. रक्कम ‘जमा केली जाईल’. कोण करणार ते नाही, आणि अट मात्र आहे: अनुदान आल्यावर. तारीख नाही, माणूस नाही, अट आहे. एवढे आम्ही त्या दिवशी त्या पित्यास सांगितले असते तर त्याने तेथून उठून थेट महाविद्यालय गाठले असते आणि हप्त्याचा अर्ज दिला असता.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. असे पत्र आले तर तीन प्रश्न लिहून त्या कार्यालयास द्यावेत. कोणत्या तारखेपर्यंत? कोणता अधिकारी हे काम करणार? अट कोणती, आणि ती आज कोणत्या टप्प्यावर आहे? अर्जाची पोच घ्यावी. उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हाताशी आहे. त्यात सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती देण्याचे बंधन आहे. पाहा, येथेही कायद्याने आकडाच लिहिला आहे. आणि उत्तर येईपर्यंत, पैसे येणार नाहीत असे धरून आपली पर्यायी तजवीज करावी. आले तर उत्तमच.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज कार्यालयांत खुर्चीवर बसून अशी पत्रे लिहितात. त्यांना एक शब्द सांगावासा वाटतो. पत्राच्या मसुद्यात ‘इव्हेंच्युअली’ लिहावयाचा मोह झाला तर लेखणी क्षणभर थांबवावी आणि त्या जागी तारीख लिहिता येते का ते पाहावे. येत नसेल तर का येत नाही ते एका ओळीत लिहावे. पत्र वाचणारा माणूस कदाचित कोणा शिक्षकाकडे ते घेऊन जाईल, आणि तो शिक्षक आमच्यासारखाच अर्धवट जाणता असू शकेल.

ज्या मुलाचे वर्ष गेले तो पुढे पदवीधर झाला, आज नोकरीत आहे. ‘इव्हेंच्युअली’ सारे ठीक झाले, असे इंग्रजीत म्हणता येईल आणि ते व्याकरणदृष्ट्या निर्दोषही ठरेल. परंतु गेलेले वर्ष त्या शब्दात कोठेच दिसत नाही. त्याच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न आम्ही आता दरवर्षी दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहितो: कागदात तारीख आहे काय? नवे विद्यार्थी प्रथम हसतात. मग आम्ही त्यांना ही हकीकत सांगतो, आणि त्यानंतर इंग्रजीच्या पुस्तकातील तो शब्द काढावयास सांगतो.